आजच्यापुरती भाकर: रोजच्या जगण्यात देवावरचा भरवसा आणि आनंद कसा शिकायचा

मृग जवळ आला की आमच्या घरात एक चाचणी व्हायची. आई घरच्या सोयाबीनचे शंभर दाणे मोजायची, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडायची, गोणपाट गुंडाळून न्हाणीच्या कोपऱ्यात ठेवायची. रोज त्यावर पाणी शिंपडायचं. आठवड्याने उघडून कोंब मोजायचे. सत्तर किंवा त्याहून जास्त आले तर बियाणं पेरायला चांगलं. कमी आले तर एकरी बियाणं वाढवायचं, फारच कमी असतील तर दुसरं बघायचं. गुंडाळीला सुतळी बांधताना तिची प्रार्थनाही चालू असायची. शाळेत दोन बुकं शिकल्याच्या तोऱ्यात मी एकदा विचारलं, "देवावर भरवसा आहे तर मोजतेस कशाला?"

"भरवसा देवावर हाये. दाण्यावर नाही."

या विषयावर मी नंतर पुष्कळ संदेश ऐकले, पण एवढ्या थोडक्यात कुणी सांगितलं नाही. आमच्या वस्तीत दर बुधवारी कॉटेज मीटिंग असते, म्हणजे कुणाच्या तरी घरी भरणारी प्रार्थनासभा. तिथे बायका हळूच विचारतात, "बाई, विश्वास आहे हो, पण आनंद वाटत नाही. काय चुकतंय?" त्यांना जे सांगत आले तेच इथे जरा सविस्तर लिहिते. मी पाळक नाही. जालना जिल्ह्यातल्या एका गावात पोरांना शिकवते आणि रविवारी मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, पेटी वाजवते, बेसूर वाजते तरी.

सगळ्यात आधी एक गाठ सोडवू. आनंद म्हणजे सतत हसरा चेहरा, ही कल्पना आपण मंडळीतूनच उचलतो. साक्ष द्यायला उभा राहिलेला प्रत्येक जण "आता सगळं छान आहे" म्हणत खाली बसतो, आणि ज्याच्या घरी काहीच छान नाही तो मागच्या बाकावर आणखी खचतो. बायबलमधल्या प्रेषित पौलाने फिलिप्पै इथल्या मंडळीला पत्र लिहिलं ते बेड्यांत असताना. चारच अध्यायांचं पत्र, पण त्यात 'आनंद करा' पुन्हा पुन्हा येतं. कैदेत बसलेला माणूस हे मूड बरा आहे म्हणून लिहीत नाही. हा आनंद शिकावा लागतो. चौथ्या अध्यायात तो स्वतःच सांगतो की ज्या स्थितीत असेन तीत समाधानी राहायला मी शिकलो आहे. शिकलो म्हणतो, म्हणजे त्याआधी येत नव्हतं. आपल्यालाही येत नसेल तर लाज कसली?

सकाळ: मोबाइलच्या आधी एक स्तोत्र

दहा मिनिटं पुरतात. जास्त वेळ ठरवलात तर तिसऱ्या दिवशी मोडेल, अनुभवाने सांगते. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रं आहेत. दिवसाला एक धरलं तर पाच महिन्यांत फेरी पूर्ण होते, मग पुन्हा पहिल्यापासून. ११९ वं फार लांब आहे, ते आठवडाभर वाटून घ्या.

वाचायचं मोठ्याने, अगदी तव्याजवळ उभं राहूनही चालेल. एकदा सरळ वाचा. दुसऱ्यांदा हळू वाचा आणि जो शब्द अडेल तिथे थांबा. तो एकच शब्द दिवसभर जवळ ठेवायचा. २३ व्या स्तोत्रात बहुतेकांना 'मेंढपाळ' अडतो. मला एका वर्षी 'काठी' अडली, कारण त्या वर्षी घरात सगळे निर्णय माझ्यावर आले होते आणि कुणीतरी पुढे काठी आपटत चालावं असं वाटायचं. अर्थ पूर्ण कळला नाही तरी पुढे जा. बायबल परीक्षेसाठी वाचत नाही आपण.

आणि मराठीत वाचा. मुलं इंग्रजी शाळेत गेली की घरात बायबलही इंग्रजी येतं, ते वाईट नाही. पण रडताना आपण ज्या भाषेत रडतो तीत देवाचं वचन कानावर पडलं पाहिजे. बंगालमधल्या श्रीरामपूरहून मिशनरी विल्यम केरी यांनी मराठी नवा करार १८११ साली छापला. पुढे पंडिता रमाबाईंनी केडगावात बसून हिब्रू आणि ग्रीकवरून अख्ख्या बायबलचं भाषांतर केलं. साध्या बाईला कळावं अशी मराठी हवी, हा त्यांचा हट्ट होता. १९२२ साली त्या गेल्या, तोवर हेच काम चालू होतं. आपल्या हातात आयतं मराठी पुस्तक आहे ते एवढ्या खटाटोपानंतर.

गाऱ्हाणं: ही पायरी गाळू नका

बहुतेक जण इथेच चुकतात. सकाळी वाचलं की थेट स्तुतीवर उडी मारतात आणि पोटातलं पोटातच राहतं. स्तोत्रांपैकी जवळपास एक-तृतीयांश स्तोत्रं तक्रारीची आहेत. १३ वं काढून बघा. सहाच वचनं. पहिल्या दोन वचनांत 'कुठवर' हा सवाल चार वेळा येतो. देवा, कुठवर विसरणार मला? पाटबंधारे कार्यालयात पाण्याचं आवर्तन मागायला गेलेला शेतकरी ज्या सुरात बोलतो, तोच सूर.

हे स्तोत्र साचा म्हणून वापरता येतं. आधी हाक मारायची, नाव घेऊन. मग गाऱ्हाणं, जसं आहे तसं. मग मागणं, नेमकं. शेवटी भरवशाचं एक वाक्य, आत जेवढा शिल्लक आहे तेवढ्याच भरवशाचं. चारही गोष्टी वहीत मोजक्या ओळींत लिहायच्या.

उदाहरण माझ्याच वहीतलं देते. यजमानांच्या ऑपरेशनच्या वेळी एका दवाखान्यात सांगितलेला खर्च आणि हातात पडलेलं बिल यांत जमीन-अस्मानाचं अंतर निघालं. त्या रात्री लिहिलं: "बापा. मला राग आला आहे. त्यांचा आहे आणि तुझाही आहे. बांगड्या मोडाव्या लागणार. सकाळी दहापर्यंत चाळीस हजार कमी पडतात, ते कुठून आणू ते दाखव. तू मागच्या खेपेला सोडलं नव्हतंस, एवढंच आठवतं." पैसे आकाशातून पडले नाहीत. बांगड्या मोडल्याच. पण त्या रात्री तीन तास झोप लागली, आणि सकाळी नणंदेला फोन करायची लाज वाटली नाही. गाऱ्हाणं देवापुढे मांडून झालं की माणसांपुढे मांडणं सोपं जातं, हे तेव्हा कळलं.

सुरुवातीला भरवशाचं वाक्य सुचणारच नाही. नाही सुचलं तर जागा कोरी सोडा. ८८ वं स्तोत्र अंधारातच संपतं, शेवटी गोड ओळ नाही. तरी ते शास्त्रात आहे, कुणी काढून टाकलेलं नाही.

याच पायरीची दुसरी बाजू म्हणजे दुसऱ्याच्या गाऱ्हाण्यात तोंड घालू नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत जे झालं, त्यानंतर 'देवाची इच्छा' म्हणणारे पुष्कळ होते. हजारो माणसं दगडमातीच्या घरांखाली गेली होती. बायबलमधल्या इयोबावर संकटं कोसळली तेव्हा त्याचे मित्र पहिले सात दिवस त्याच्याजवळ गप्प बसले, तोवर ठीक होतं. बोलायला लागले आणि सगळं बिघडलं. कुणाच्या घरी गेलात तर चहा करा, भांडी घासा, बसा. 'देवावर प्रेम करणाऱ्यांचं सगळं मिळून भलंच होतं' हे रोम ८:२८ त्या दिवशी नको.

दोन खणांची वही

गाऱ्हाण्यातून काळजी मोकळी झाली की तिची वाटणी करायची. पानाच्या मधोमध रेघ मारा. डावीकडे 'माझ्याकडे', उजवीकडे 'देवाकडे'.

आईचं सोयाबीन घ्या. उगवण चाचणी, बीजप्रक्रिया, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरायचं नाही हा संयम, पीक विम्याची शेवटची तारीख ही सगळी डावी बाजू. पाऊस कधी येणार, ऐन शेंगा भरताना उघडीप पडेल का, मोंढ्यात भाव काय निघेल, ही उजवी. डावीकडची कामं आज करायची. उजवीकडच्या एकेका ओळीवर बोट ठेवून म्हणायचं, "हे तुझं." रोज म्हणायचं, कारण रात्रीतून आपण ते परत ओढून घेतो. मी तरी घेते.

गफलत दोन्हीकडून होते. काही जण डावीकडची कामं देवावर टाकतात: प्रार्थना केली, आता रक्तदाबाची गोळी कशाला. काही जण, आणि यात माझा नंबर पहिला, उजवीकडचं सगळं आपल्या डोक्यावर घेऊन फिरतात. पहिल्यांनी गोळी घ्यावी. दुसऱ्यांनी मत्तय ६ मधली पाखरं बघावीत. पाखरं काही रिकामी बसून नसतात, दिवसभर दाणे वेचतात. फक्त कोठारं बांधत नाहीत.

रोजच्यापुरतं

निर्गमच्या १६ व्या अध्यायात रानातल्या इस्राएल लोकांसाठी मान्ना, म्हणजे देवाने दिलेलं अन्न, पडतो. नियम असा की माणशी एक ओमर (त्या काळचं माप), त्या दिवसापुरता. उद्यासाठी राखून ठेवला त्यात किडे पडले आणि वास सुटला. सहाव्या दिवशी मात्र दुप्पट, कारण सातवा विसाव्याचा.

मराठवाड्यातल्या माणसाला हा अध्याय फोडून सांगावा लागत नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं. आमच्याकडे टँकर होता. टँकर दिसला की पाइप आधी टाकण्यासाठी पळापळ, घरटी ठरलेले ड्रम, आणि ड्रम भरला की त्या दिवसापुरती चिंता संपली. त्या उन्हाळ्यात सासूबाई एक करायच्या. ड्रम भरला की झाकणावर हात ठेवून मोठ्याने म्हणायच्या, "आजचं झालं." उद्या टँकर येईल का, हा सवाल त्या उद्यावर ठेवायच्या. मला आधी ते भोळेपणाचं वाटे. पण घरात त्या एकट्याच रात्री शांत झोपायच्या हेही मी बघत होते.

प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत 'आमची रोजची भाकर आज आम्हाला दे' असं आहे. ज्वारीची भाकर सकाळी थापली की संध्याकाळी वातड होते. महिनाभराच्या भाकरी कुणी थापून ठेवत नाही. भरवसाही तसाच रोजचा रोज थापायचा असतो. "पुढची पाच वर्षं देव सांभाळेल का?" या प्रश्नाला माझ्याजवळ कधीच पुरेसा विश्वास नसतो. "आज संध्याकाळपर्यंत सांभाळेल का?" याला साधारण असतो.

करून बघायचं ते एवढंच: दिवसातलं एक ठरलेलं काम निवडा, पाणी भरणं, दूध घालणं, दुकानाचं शटर ओढणं. ते झालं की "आजचं झालं" म्हणा. महिनाभर म्हणा.

उपकार मोजताना

रात्री तीन उपकार लिहायचे हे तुम्ही कुठेतरी वाचलं असेलच. बहुतेकांचं चौथ्या दिवशी बंद पडतं, कारण रोज तेच: आरोग्य, कुटुंब, अन्न. मोघम लिहिलं की मन लागत नाही. नेमकं लिहा. 'अन्न' असं न लिहिता 'शेजारच्या काकूंनी दिलेली अंबाडीची भाजी, वरून लसणाची फोडणी' लिहा. 'कुटुंब' असं न लिहिता 'धाकट्याने न सांगता शेळीला पाला टाकला' लिहा. आनंद अशाच बारक्या जागांतून येतो. मोठ्या जागांकडे बघत राहिलं की तो निसटतो, असं माझं मत आहे.

१ थेस्सलनीकाकरांस ५:१८ नीट वाचा. सर्व स्थितीत उपकारस्तुती करा, असं ते वचन सांगतं. प्रत्येक गोष्टीबद्दल करा असं सांगत नाही. बोंडअळीबद्दल देवाचे आभार मानायची गरज नाही. बोंडअळीच्या वर्षात मात्र उपकाराचं काहीतरी सापडतं. नाही सापडलं तर त्या दिवशीचं पान गाऱ्हाण्याला द्या.

मंडळी, तिच्या सगळ्या भांडणांसकट

एकट्याने विश्वास फार दिवस तगत नाही. मार्कच्या दुसऱ्या अध्यायात चौघं जण पक्षाघाती माणसाला बाजेसकट उचलून आणतात आणि छप्पर उकलून खाली सोडतात. तिथे लिहिलंय की येशूने त्यांचा विश्वास पाहिला. त्यांचा म्हणजे उचलून आणणाऱ्यांचाही. काही महिने आपण बाजेवर असतो आणि दुसऱ्यांच्या विश्वासावर छपरातून खाली उतरतो. म्हणून गाता येत नसेल तेव्हाही रविवारी जाऊन बसा. बाकीचे गातात, तेवढं पुरतं.

गाण्याबद्दल जरा लिहिल्याशिवाय राहवत नाही. रेव्हरंड ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ सालचा. त्यांनी ख्रिस्ताची भक्ती अभंगात आणि कीर्तनात आणली. वारकऱ्यांच्या मुलखात वाढलेल्या माणसाला ती चाल आधीच अंगात असते, शिकवावी लागत नाही. आमच्या आजीला वाचता येत नव्हतं, तरी टाळ हातात आला की ती तासभर न अडखळता म्हणायची. घरात संध्याकाळी एक भजन म्हणा, मोबाइलवर लावू नका, स्वतःच्या गळ्याने म्हणा. सूर लागला नाही तरी म्हणा. 'प्रेषितांची कृत्ये'च्या १६ व्या अध्यायात पौल आणि त्याचा सोबती सीला तुरुंगात पाय खोड्यात असताना मध्यरात्री गातात. तिथे कुणी पेटी वाजवत नव्हतं.

मंडळीत भांडणं असतात. कमिटीच्या निवडणुका, जमिनीचे वाद, कुणाच्या मुलाच्या लग्नात कुणाला बोलावलं नाही. मीही एकदा वर्षभर एका बाईशी बोलले नव्हते, आणि दोघी एकाच प्रभुभोजनाला गुडघे टेकत होतो. मीच आधी 'सलाम' केला असं लिहायला आवडलं असतं. तिने केला.

देणं, आणि कुणाला द्यायचं नाही

कापणीच्या सणाला आमच्याकडे लोक शेतातलं आणतात: तुरी, गव्हाचं पोतं, भोपळा, गावरान कोंबडी. उपासनेनंतर त्याची बोली लागते. गेल्या खेपेला एका म्हाताऱ्या आजीने चार अंडी आणली. पहिली बोली दहा रुपयांची. मग कुणीतरी पन्नास म्हणालं, कुणी शंभर. साडेतीनशेला ती अंडी गेली, आणि ज्याने घेतली त्याने ती तिच्याच पदरात परत टाकली. अख्खं देऊळ हसत होतं आणि आजी पदराने डोळे पुसत होती. देण्यातला आनंद कसा असतो, असं कुणी विचारलं तर मी हेच सांगते.

ऐपतीप्रमाणे द्या, आधी बाजूला काढून द्या, आणि घरातल्यांना सांगून द्या. पण "हजार पेरा, देव लाख देईल" असं म्हणत क्यूआर कोड दाखवणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. शुभवर्तमानातल्या गरीब विधवेने दानात दोन दमड्या टाकल्या त्या परत येतील म्हणून टाकल्या नव्हत्या. कर्ज काढून दान तर मुळीच नको.

नाताळचा फराळही देणंच. करंज्या, शंकरपाळे, चिवडा गल्लीतल्या प्रत्येक घरी जातो, मग घर कुणाचंही असो. दिवाळीत आणि ईदला त्यांच्याकडून ताट येतंच. रिकामं ताट कुणी परत पाठवत नाही, हे इथल्या पोरांना चालता यायच्या आधी कळतं.

जेव्हा काहीच वाटत नाही

असे महिने येतात. वचन वाचावं तर कोरडं, प्रार्थना छताला लागून परत. हबक्कूक संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या शेवटच्या अध्यायातली यादी अशा वेळी वाचा: अंजीर फुललं नाही, द्राक्षीला फळ नाही, जैतून बुडालं, शेतात पीक नाही, गोठ्यात गुरं नाहीत. तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. त्या यादीत आपली नावं घाला. मोसंबी वाळली, कपाशी गेली, बोअर आटला, बैल विकले. मग 'तरी' या शब्दापाशी थांबा. पुढचं वाक्य आज म्हणवत नसेल तर नुसतं 'तरी' म्हणा. उद्या पुढचं बघू.

सवयी मात्र मोडू नका, लहान करा. स्तोत्राऐवजी एक वचन, प्रार्थनेऐवजी फक्त "बापा".

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते. झोप उडाली, जेवण तुटलं, जगावंसं वाटत नाही असे विचार येऊ लागले, तर ती विश्वासाची कमतरता समजू नका. आजार आहे, डॉक्टरला दाखवा. टेली मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक फुकट आहे, तिथे मराठीत बोलता येतं. आपल्या भागातल्या किती घरांत कर्ता माणूस असाच गेला हे वेगळं सांगायला नको. झुडपाखाली बसून मरण मागणाऱ्या एलिया संदेष्ट्याला देवाच्या दूताने उपदेश केला नाही. आधी झोपू दिलं, मग निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी दिलं. मग परत झोपू दिलं.

जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी ख्रिस्ती लोकांसाठी वस्ती वसवली, तिचं नाव बेथेल ठेवलं. बेथेल म्हणजे देवाचं घर. उत्पत्तीत हे नाव याकोब देतो, तेही घरातून पळून जाताना, उशाला दगड घेऊन झोपल्यानंतर. जागा होतो आणि म्हणतो, देव इथे आहे आणि मला ठाऊकच नव्हतं. दगडांची आमच्याकडे कमी नाही.

रात्र

रात्रीची पायरी सगळ्यात छोटी. वही उघडायची, उपकार लिहायचे, उजव्या खणावर एकदा बोट फिरवायचं, चौथ्या स्तोत्राचं शेवटचं वचन म्हणायचं आणि दिवा बंद करायचा. आईला वही माहीत नव्हती. ती शेळीचं दावं ओढून बघायची, ड्रमचं झाकण दाबायची, चुलीतला विस्तव राखेखाली सारायची, दाराला कडी घालायची. मग गोधडीत शिरताना, कुणाला ऐकू जावं म्हणून नव्हे, पण आम्हाला ऐकू यायचंच:

"माझं समदं बघून झालं. आता तू बघ."